कळलं नाही म्हणायची लाज

आबा, तुम्हाला श्रद्धांजली वाहिली त्याच ग्रामसभेत मी खोटं बोलले. तुमच्याबद्दल नाही हो. तुमच्याबद्दल बोलायला बाकीचे होते. हायस्कुलातले तुमचे जुने विद्यार्थी होते, सरपंच होते, आणि ज्यांच्याशी तुमचं आयुष्यात पटलं नाही तेही दोन शब्द बोलून गेले. मी नुसती उभी राहिले. गुडघ्यामुळे सतरंजीवर बसता येत नाही म्हणून तुमच्यासाठी कायम पुढे ठेवायचे ती लोखंडी खुर्ची शिपायाने सवयीने त्या दिवशीही मांडली होती. तिच्याकडे बघत मी ते दोन मिनिटांचं मौन पाळलं आणि सगळ्यांबरोबर खाली बसले. खोटं बोलले ते त्यानंतर, पाण्याच्या विषयावर. एकच शब्द बोलले, ‘हो’.

तो शब्द कसा निघाला ते तुम्हालाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, एवढं काय त्यात.

गावाला तुम्ही गणिताचे मास्तर म्हणून माहीत. मला तुम्ही आधी शेजारचे आबा म्हणून माहीत. माझं माहेर पहूरच्या पुढचं, लग्न होऊन इकडे पारोळ्याच्या बाजूला आले तेव्हा माझ्या बोलण्याला अख्खी गल्ली हसायची. तुम्ही तेवढे हसला नाहीत. म्हणालात, “आमचीबी भाषा शिक, तुझीबी ठेव.” मी दहावी नापास. मराठीत वर्गात पहिली आणि गणितात गेले. आमच्या वेळी पाढा चुकला की बाकावर उभं करायचे. मी इतकी वर्षं उभी राहिले की वर्गातली सगळी डोकी मला वरूनच ओळखू यायची. हे मी तुम्हाला हसत हसत सांगितलं होतं. तुम्ही हसला नाहीत, उठून घरी गेलात. मला वाटलं, काही चुकीचं बोलले.

मग आमची लेक वैशाली तुमच्या वर्गात गेली. एके दिवशी जेवताना ताटावरून मान वर करून मोठ्याने म्हणाली, “मला कळलं नाही.” मी विचारलं, काय कळलं नाही? तर म्हणे, “काही नाही. आमचे सर रोज तासाच्या सुरुवातीला सगळ्यांकडून म्हणून घेतात. आधी स्वतः म्हणतात, मग आम्ही.” मी कपाळाला हात लावला. दुसरे मास्तर पोरांना पाढे म्हणायला लावतात, आणि आमचे आबा पोरांकडून कळलं नाही म्हणून घेतात! संध्याकाळी ओट्यावर तुम्हाला गाठून मी बोललेच, “आबा, न कळणं पोरांना शिकवावं लागतं का? ते त्यांना येतंच की.”

तुम्ही तेव्हा शाळेतली ती गोष्ट सांगितलीत. फळ्यावर उदाहरण सोडवताना तुमच्याकडून मधली एक पायरी चुकली. बेरजेच्या जागी वजाबाकी झाली. उत्तर चुकलं. तुम्ही वर्गाकडे वळून सवयीने विचारलंत, “कळलं का?” आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, “होऽऽ.” घरी येऊन पाय धुताना तुमच्या ती चूक लक्षात आली. तसेच ओल्या पायांनी उभे राहिलात म्हणे. “चूक होती त्याची लाज नाही वाटली,” तुम्ही म्हणालात. “चुकीचं गणितसुद्धा त्यांना कळलं, याची वाटली. ज्यांना चुकीचं गणित कळतं, त्यांना उद्या कुणी काहीही सांगितलं तरी कळेल. मतं मागायला येणारा आला तरी कळेल आणि सही घ्यायला येणारा आला तरी कळेल.” दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तो पाठ सुरू केलात. जिभेला वळण पाहिजे म्हणालात. नुसतं धीर करा, विचारा, असं सांगून पोरं विचारत नाहीत.

तुमचा अभ्यासक्रम कधी वेळेत संपला नाही. एक पोर ‘ही पायरी कळली नाही’ म्हणालं की तुम्ही मागे जायचात, आणि बाकीची पोरं खिडकीबाहेर बघत बसायची. जळगावहून तपासणीला आलेले साहेब तुमच्यावर नाराज होऊन गेले. हेडमास्तर वैतागायचे. पालकही वैतागायचे, त्यात मीही होते, खोटं कशाला बोलू. मला वाटायचं, जळगावच्या शाळेतली पोरं पुढे निघून चालली आणि आमची बसलीत तिसऱ्या पायरीवर. तुमचं आपलं एकच. “ज्या पोराची जीभ माझ्या तासाला आत गेली, ती मोठेपणी ग्रामसभेत बाहेर कशी येईल?” मी म्हणायचे, ग्रामसभेत गणित कुठे असतं? तुम्ही म्हणायचात, दुसरं असतं काय तिथे?

ते खरं होतं हे मला माझ्यावर वेळ आल्यावर समजलं. बायकांसाठी राखीव जागा आल्या आणि आमच्या वॉर्डातून उभं कोण राहणार म्हटल्यावर सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली, कारण मला पेपर वाचता येतो. मी निवडून आले. तेव्हापासून तुम्ही मला नावाने हाक मारणं सोडून मेंबरबाई म्हणायला लागलात. आणि निवृत्त माणसाला काम मिळाल्यासारखे रोज ओट्यावर हजर. टक्के काय, क्षेत्रफळ काय, टाकीत किती लिटर मावतं ते कसं काढायचं. मी भाजी निवडत ऐकायचे.

आबा, आता तुम्ही नाही म्हणून सांगते. त्यातलं अर्धं मला कळत नव्हतं. मी मान हलवायचे. तुम्ही थांबून म्हणायचात, “मग आता तू मला समजावून सांग.” आणि मी म्हणायचे, “थांबा हं आबा, दूध उतू जातंय,” आणि आत जायचे. आमच्या घरी इतकं दूध कधीच नव्हतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही कधी मला उघडं पाडलं नाही. मी बाहेर यायचे तर तुम्ही तीच पायरी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलेले असायचात, जणू तुम्हीच विसरला होता. याचे आभार मानायचे राहून गेले. मानायचे तर आधी दुधाचं कबूल करावं लागलं असतं.

एक गोष्ट मात्र मला कळली होती, अगदी पक्की. सरासरी. तुम्ही माझ्याच फडताळातले पितळी पेले मागितलेत. एक काठोकाठ भरलात, एकदोन अर्धे, एकात तळाला थोडं आणि एक रिकामाच. मग म्हणालात, “आता सगळ्यांनी एकमेकांच्या पेल्यात ओतून सारखं केलं, तर प्रत्येकात किती होईल, तो आकडा म्हणजे सरासरी.” आणि पेल्यांना हात न लावता माझ्याकडे बघत राहिलात. मी म्हटलं, “मग ओता ना.” तुम्ही म्हणालात, “हेच. आकडा काढायला ओतावं लागत नाही. नुसता भागाकार केला की आकडा निघतो. सभेत कुणी सरासरी सांगितली की तू एवढंच विचारायचं, ओतलं कुणी?”

आपलं भांडण झालं ते यावरूनच. तुम्ही म्हणालात, आणि तेही नाही जमलं तर सरळ म्हणायचं, मला कळलं नाही, पुन्हा सांगा. मी उसळले. म्हटलं, “आबा, तुम्ही ‘कळलं नाही’ म्हणालात तर लोक म्हणतील, बघा, एवढा शिकलेला माणूस आणि केवढा नम्र. मी म्हटलं तर म्हणतील, राखीव जागेवर बाई बसवली की असंच होणार. तुम्हाला ते वाक्य फुकट मिळतं. मला नाही मिळत.” तुम्ही चप्पल घालून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याखाली उभ्यानेच म्हणालात, “तुनं खरं शे.” एरवी माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायचात, मनातलं आलं की अहिराणीत यायचं. मी जिंकले म्हणून खूश होणार एवढ्यात पुढे म्हणालात, “पन मंग म्हनी कोन?” मग म्हणणार कोण? आपण दोघं तो विषय टाळायला लागलो आणि तो तसाच राहिला.

आता सभेचं सांगते. श्रद्धांजली झाली. ग्रामसेवकांनी नवीन टाकीचा अहवाल वाचायला घेतला. घाईघाईत वाचला, कारण ऊन चढत होतं. टाकी सुरू झाल्यापासून गावाला माणशी सरासरी इतकं पाणी मिळतं, ते पुरेसं आहे, सबब वरच्या आळीला उन्हाळ्यात येणारा टँकर बंद करण्यास हरकत नाही. वरची आळी टेकावर. तिथल्या नळांना पाणी चढत नाही, तोट्या गंजून गेल्यात. ती माझ्या वॉर्डात. आणि माझं घर टेकाच्या खाली, माझ्या नळाला पाणी येतं. हे लिहिताना मान खाली जाते.

मी ‘सरासरी’ हा शब्द ऐकला आणि मला ते पितळी पेले दिसले, आबा. प्रश्न ओठावर आला होता. तेवढ्यात ग्रामसेवकांनी कागदावरून मान वर काढून मलाच विचारलं, “काय ताई, तुमच्याच वॉर्डाचा विषय आहे. कळलं ना?” रागाने नाही, चांगल्या मनाने विचारलं. आणि मला वाटलं, मी विचारलं आणि त्यांनी उलट दुसरा आकडा फेकला तर? त्यात विहिरी धरल्यात का, हातपंप धरलेत का, असं काही निघालं तर? सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा शाळेतल्या त्या बाकावर उभी होते. म्हटलं, “हो.”

मागून बायकांच्या बाजूनेही “हा, हा” असा आवाज आला. ठराव झाला. तुमची खुर्ची समोरच होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

घरी जाताना मी मनाची समजूत घालत होते. मी एकटीने ‘नाही’ म्हणून काय होणार होतं, सगळ्यांनाच मान्य होतं, बायकासुद्धा हा म्हणाल्या. ही समजूत एक रात्र टिकली. सकाळी वरच्या आळीच्या बायका हंडे घेऊन आमच्या घरासमोरच्या नळावर आल्या. टँकर आला नव्हता. मी जरा रागानेच विचारलं, “सभेत तुम्ही ‘हा’ कशाला म्हणालात? तुमच्याच तर पाण्याचा विषय होता.” त्यातली एक हंडा खाली ठेवून म्हणाली, “तुनी हा म्हनं, म्हनीसन आम्हीबी हा म्हनं. आमले वाटनं, तुले समजनं व्हई.”

तू हा म्हणालीस म्हणून आम्हीही म्हणालो, तुला समजलं असेल असं वाटलं. आबा, इतके दिवस मी समजत होते की माझं न कळणं मी एकटीपुरतं झाकते आहे. त्याने कुणाचं काय जातं! तुमच्या त्या वर्गातली पोरं एका सुरात ‘हो’ म्हणाली, तेव्हा त्यात पहिलं कोण म्हणालं असेल, आणि ते ऐकून बाकीची किती म्हणाली असतील, हे मी त्या नळावर उभी राहून पहिल्यांदा मनात आणलं. मला इतकी लाज वाटली की त्या हंडे भरून गेल्यावर मी नळ बंद न करताच घरात गेले. मग तशीच परत येऊन बंद केला, कारण पाणी वाहत होतं.

सरपंचांकडे गेले. म्हटलं, तो ठराव परत घ्या. ते म्हणाले, “ताई, तुम्हीच हो म्हटलं ना?” त्यांचं काही चुकलं नाही. मग स्वतःच म्हणाले, “लोकांच्या सह्या आणा. विशेष ग्रामसभा लावतो.”

मग मी वरच्या आळीत दारोदार फिरले. फिरताना लक्षात आलं की सही मागणं सोपं नाही, कारण प्रत्येक दारात एकच प्रश्न, “आते परत सभा कसाले?” आत्ताच तर झाली, पुन्हा कशाला? आणि त्याला एकच उत्तर होतं. मला कळलं नव्हतं, तरी मी हो म्हटलं. पहिल्या दारात मी पाण्यावरून, उन्हावरून, टाकीच्या उंचीवरून बोलत राहिले आणि ते वाक्य गिळलं. ती बाई म्हणाली, मालकांना विचारून सांगते. दुसऱ्या दारात वाक्य अर्धं बाहेर आलं. तिसऱ्या दारात पूर्ण म्हटलं. म्हटल्यावर समोरच्या बाईने नुसतं “मालेबी नही”, मलाही नाही, म्हणून अंगठा पुढे केला. पुढच्या दारांत तेच. तुम्ही वर्गाकडून रोज एकदा म्हणून घ्यायचात, मी एका दुपारी अख्ख्या आळीभर म्हटलं. आणि हो, मला जी भीती होती तेही झालं. पारावर बसलेला एक जण ऐकू येईल असं बोललाच, “राखीव शीट शे ना, असंच व्हई.” मला वाटलं होतं की हे कानावर पडलं तर मी तिथेच खचेन. खचले नाही, पण कान गरम झाले, अजून आहेत. आपलं भांडण मी जिंकले होते ते बरोबरच होतं, आबा. ते वाक्य मला फुकट मिळालं नाही.

शेवटचं घर जनाक्काचं. तुम्ही तिला ओळखता, टेकाच्या अगदी वर एकटी राहते, कधी शाळेत गेली नाही. तिनेही विचारलं, मीही सांगितलं. मला वाटलं, आता ती अंगठा देईल. पण तिने माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, “मंग, आते समजनं का तुले?”

आता समजलं का? इतक्या दारांत हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, थोडं समजलंय, दाखवते. तिच्या घरातल्या वाट्या मागितल्या. पाणी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. टँकर बंद झालेल्या घरात मी वाट्यांत ओतायला पाणी मागणार होते! तिने माझ्याकडे बघितलं आणि ज्वारीचा डबा पुढे सरकवला. मी एक वाटी शीग लावून भरली, दोनांत थोडी थोडी, एक रिकामी ठेवली. म्हटलं, ही भरलेली खालची गल्ली, ही रिकामी तुमची आळी. मग तुम्ही जे केलं नव्हतं ते मी केलं. भरलेल्या वाटीतली ज्वारी रिकामीत ओतली, इकडची तिकडे करत सगळ्या सारख्या केल्या आणि म्हटलं, “हे बघ अक्का, याला म्हणतात सरासरी.”

तिने सारख्या झालेल्या वाट्या बघितल्या. माझा हात बघितला. म्हणाली, “हाई ते तुनी ओतं. गावमा कोन ओतस?”

हे तर तू ओतलंस, गावात कोण ओततं? आबा, मी तिला तुमचा प्रश्न सांगितला नव्हता. सांगायचा होता, पण माझ्या आधी तिनेच विचारला. तो प्रश्न मी वर्षभर तुमच्याकडून घेऊन बाळगत होते, सभेत ओठापर्यंत आणला आणि गिळला. तिला तो सुचायला एवढाच वेळ लागला, कारण तिला कुणी बाकावर उभं केलं नव्हतं. मला तिथे रडू आलं. तुम्ही गेलात त्या दिवशी घरात पाहुणे होते, सगळ्यांना चहा करण्यात रडायचं राहिलं होतं, ते तिथे आलं. जनाक्काला वाटलं, ज्वारी सांडली म्हणून मी रडते आहे. ती म्हणाली, राहू दे, भरते मी.

परवा विशेष ग्रामसभा आहे. मी उभी राहून आधी कळलं नाही म्हणणार, मग त्या अहवालातल्या सरासरीचं विचारणार. ग्रामसेवकांनी उलट आकडा फेकला तर पुन्हा कळलं नाही म्हणणार. तोंडपाठ करते आहे. वैशाली घरात नसताना भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणून बघितलं. आवाज चमत्कारिक येतो.

त्या दिवशी निघताना जनाक्काला म्हटलं, सभा लागली की यायचं, आणि हेच विचारायचं, पुढे बसून. आबांची खुर्ची आहे, तिच्यावर बसायचं. ती घाबरलीच. “आबानी खुर्चीवर? मी? नही वं माय, माले लाज वाटस.”

मी म्हटलं, “वाटू दे, अक्का. मलाही वाटणार आहे. मी शेजारी उभी राहते.”